देवळाच्या भिंतीसाठी सीआरडी हवी, जातीसाठी नको?

पश्चिमकिनारा

परवा आमच्या घरी सत्यनारायण होता. प्रसाद संपला, पण वाद संपला नाही, म्हणून तो इथे आणतो आहे.

विषय कॅलिफोर्नियाचं सिव्हिल राइट्स डिपार्टमेंट, म्हणजे सीआरडी. जुलै २०२२ पर्यंत याच खात्याचं नाव डिपार्टमेंट ऑफ फेअर एम्प्लॉयमेंट अँड हाउसिंग असं लांबलचक होतं. नोकरीत किंवा घर भाड्याने घेताना भेदभाव झाला, धंद्याच्या ठिकाणी कोणी आत घेतलं नाही, द्वेषापोटी मारहाण झाली किंवा धमकी मिळाली, तर तक्रार घ्यायची, चौकशी करायची, तडजोड घडवायची आणि गरज पडली तर राज्याच्या वतीने कोर्टात उभं राहायचं, हे त्यांचं काम. मे २०२३ पासून ते 'सीए व्हर्सेस हेट' नावाची हेल्पलाइनही चालवतात.

या हेल्पलाइनच्या पहिल्या वर्षाचे आकडे आले. धर्मावरून झालेल्या त्रासाच्या नोंदींत ज्यूविरोधी ३६.९ टक्के, हिंदूविरोधी २३.३ टक्के आणि मुस्लिमविरोधी १४.६ टक्के. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते पुढचे चार दिवस फिरत होते. 'बघा, आता सरकारच म्हणतंय!' बरोबर आहे. पण २०२० मध्ये याच खात्याने सिस्को या टेक कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला, तेव्हा याच ग्रुपवर त्याला 'हिंदूद्वेष्टं खातं' म्हटलं गेलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये हिंदू अमेरिकन फाउंडेशन या हिंदूंची बाजू मांडणाऱ्या संस्थेने याच खात्याला फेडरल कोर्टात खेचलं, तेव्हा टाळ्याही पडल्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच. देवळाच्या भिंतीवर कोणी घोषणा रंगवल्या की खातं आपलं, आणि आपल्यातल्याच कोणी जातीची तक्रार केली की खातं परकं, असं चालणार नाही.

ओसरी

यात विसंगती कुठे आहे? एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीवाल्यांनी जीव वाचवला म्हणून त्याच हॉस्पिटलच्या सर्जनच्या चुकीबद्दल बोलायचं नाही, असं आहे का? हेल्पलाइन चालवणं वेगळं. कोर्टातल्या कागदावर जातिव्यवस्था म्हणजे 'हिंदू सामाजिक आणि धार्मिक उतरंड' असं राज्याने लिहिणं वेगळं. कोणत्या धर्माची शिकवण काय, हे सरकारी वकील कधीपासून ठरवायला लागले? माझा आक्षेप तिथे आहे. जातिभेद करणाऱ्याला पाठीशी घालण्याचा यात प्रश्नच नाही.

त्रैराशिक

आकड्यांचं थोडं. ३६.९, २३.३ आणि १४.६ हे तिन्ही टक्के एकाच भाजकातून यायला हवेत. १०३ घेऊन पाहा: ३८, २४, १५. तिन्ही दशांशापर्यंत चपखल बसतात. हा माझा तर्क आहे, खात्याने असं छापलं आहे असा दावा नाही. पण तर्क बरोबर असेल, तर ज्या 'हिंदूविरोधी लाटे'वर भाषणं झाली ती चोवीस फोन-फॉर्मची आहे. एकूण नोंदी पहिल्या वर्षी हजाराहून थोड्याच जास्त होत्या. चोवीसही वाईटच, पण लाट म्हणण्याआधी भाजक विचारावा.

मंदिरसेवक

त्रैराशिक, तुमच्या भाजकाला नमस्कार. डिसेंबर २०२३ मध्ये नेवार्कच्या स्वामिनारायण मंदिराच्या भिंतीवर खलिस्तानी घोषणा लिहिल्या गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये सॅक्रामेंटोचं मंदिर, मार्च २०२५ मध्ये चिनो हिल्सचं. भिंत पुसायला पहाटे बादली घेऊन उभं राहिल्यावर टक्केवारी आठवत नाही. आमची आजी शेजारी उभी राहून विचारत होती, 'आपण यांचं काय केलं?' याचं उत्तर तुमच्या चोवीसात नाही.

आणि पश्चिमकिनारा, एक देऊळ ही शेकडो लोकांची जागा असते, त्यामुळे एक नोंद म्हणजे एक माणूस नव्हे. हे तुम्हीही लिहायला हवं होतं.

पश्चिमकिनारा

मान्य. तो मुद्दा माझ्याकडून सुटला.

मोकळावारा

तुमच्या दोन्ही बाजूंचं जमतंय म्हणून मी तिसरी मांडतो. मला ती हेल्पलाइनच खटकते. गुन्हा झाला तर पोलीस आहेत, कोर्ट आहे. ही लाइन 'गुन्हा नसलेला द्वेषाचा प्रसंग'सुद्धा टिपून घेते. म्हणजे रस्त्यात कोणी शिवी हासडली की सरकारी वहीत नोंद! अमेरिकेत घाणेरडं बोलण्यालाही पहिल्या घटनादुरुस्तीचं संरक्षण आहे. जे बोलणं कायद्याने चालतं, त्याची यादी सरकारने ठेवायची कशाला? आज यादी सज्जनांच्या हातात आहे. उद्याचं कोणी सांगावं? आणीबाणी पाहिलेल्या घरातला आहे, यादी म्हटलं की मला आधी 'कोणाची' हा प्रश्न पडतो.

फाइलवाली

मोकळावारा, प्रश्न रास्त आहे, पण वही कोणाची ते चुकलं. मी एका लॉ ऑफिसमध्ये कागद सांभाळते, अशिलांना ही लाइन लावून दिलेली आहे. ती पोलिसांची लाइन नाही. नाव न सांगता बोलता येतं. इमिग्रेशनचं स्टेटस विचारत नाहीत. दोनशेहून जास्त भाषांत दुभाषा मिळतो, त्यामुळे इंग्रजी अडखळणाऱ्या सासूबाईही बोलू शकतात. पोलिसांकडे जायचं की नाही, हे फोन करणारा ठरवतो. पुढे समुपदेशन, वकील, घर बदलायचं असेल तर कुठे विचारायचं, हे सांगायला एक माणूस पाठपुरावा करतो. नोंद होते ती त्रास कोणाला आणि कशावरून झाला याची.

आता आकडा देते. राज्याच्या न्याय खात्याकडे पोलिसांमार्फत नोंदलेल्या द्वेषगुन्ह्यांच्या घटना २०१९ मध्ये १,०१५, २०२२ मध्ये २,१२०, २०२३ मध्ये १,९७० आणि २०२४ मध्ये २,०२३. हे फक्त पोलिसांपर्यंत पोचलेले. ठाण्याची पायरी चढायला घाबरणारा यात नाहीच. हेल्पलाइन त्याच्यासाठी आहे.

मोकळावारा

२०१९ ते २०२२ दुप्पट झाले, मग हेल्पलाइन आली, मग आकडा जवळपास तिथेच. म्हणजे प्रतिबंध झाला का? 'प्रतिबंध' हा शब्द खात्यांना फार आवडतो. आग लागल्यावर फोन उचलणाऱ्याने मी आग लागू देत नाही असं म्हणू नये.

फाइलवाली

यावर भांडणार नाही. फोन उचलणं हेच त्यांचं खरं काम, आणि मला तेवढं पुरतं.

कोरा सातबारा

बराच वेळ वाचतो आहे. ओसरी, धर्माची व्याख्या सरकारने करू नये, हे मलाही पटतं. पण तुम्ही एक गोष्ट गाळली.

सिस्कोच्या खटल्यात तक्रारदाराचं नाव 'जॉन डो' आहे, म्हणजे खरं नाव झाकणारं टोपणनाव. का? नाव उघड झालं तर भारतातल्या नातेवाइकांना त्रास होईल, ही भीती. खालच्या कोर्टाने नाव झाकायला नकार दिला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की कुटुंबाला होऊ शकणारं नुकसान, ते कॅलिफोर्नियाबाहेर असलं तरी, विचारात घ्यावंच लागेल. मी तो निकाल दोनदा वाचला. सान होजेत बसलेल्या इंजिनिअरची भीती गावातल्या घरापर्यंत जाते, हे एका अमेरिकन कोर्टाला कळलं. आमच्या स्नेहसंमेलनात हे सांगितलं तर 'इथे कुठे आलीय जात' असं हसून विषय बदलतात.

कुठे आलीय? आडनावाने अंदाज लागला नाही की 'मूळ गाव कुठलं?', मग 'गावात कुठे?', मग 'तुमच्याकडे लग्नात काय काय करतात?' लंच टेबलवर मी तीन प्रश्नांत ओळखू येतो. यात गुन्हा नाही, हे मला माहीत आहे. पण पुढच्या रिव्ह्यूला 'टीममध्ये मिसळत नाही' असं लिहून येतं तेव्हा त्याची सुरुवात कुठे झाली, ते मला माहीत असतं.

ओसरी

सातबारा, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण दुसऱ्या बाजूच्या माणसांचंही ऐका. जून २०२० मध्ये, ज्यांच्यावर जातिभेदाचा आरोप होता त्या दोन इंजिनिअरांची नावं राज्याने दाव्यात घातली. जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. एप्रिल २०२३ मध्ये राज्याने त्या दोघांवरचा खटला स्वतःहून मागे घेतला, फक्त कंपनीवरचा ठेवला. जवळजवळ तीन वर्षं! तक्रारदाराचं नाव झाकलं, त्याच्या कुटुंबाचा विचार झाला, उत्तम. या दोघांना कुटुंबं नव्हती का? निकाल लागायच्या आधीच शिक्षा भोगून झाली.

कोरा सातबारा

हे मला टोचतं. कंपनीवर खटला भरायला माणसांची नावं लागली नसती, असं मलाही वाटतं.

गेमरबाबा

खातं घाईत मोठे मासे पकडायला जातं, ही ओसरींची तक्रार जातीपुरती नाही. जुलै २०२१ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन या गेम कंपनीवर खटला भरला, केवढा गाजावाजा. डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली, रक्कम साधारण ५.४ कोटी डॉलर, पण सगळीकडे लैंगिक छळ बोकाळला होता हा आरोप खात्याने मागे घेतला. पैसे मिळाले ते मुख्यतः बायकांच्या पगार-बढतीच्या मुद्द्यावर. आधी प्रेस रिलीज, मग पुरावा, असा क्रम झाला की असंच होणार.

फाइलवाली

गेमरबाबा, अर्धीच गेम खेळलात. रायट गेम्स या दुसऱ्या कंपनीचं पाहा. तिथल्या बायकांचा दावा २०१९ मध्ये १ कोटी डॉलरमध्ये मिटत होता. याच खात्याने मध्ये पडून 'ही रक्कम फारच कमी आहे' म्हणून हरकत घेतली. २०२१ च्या अखेरीस तो १० कोटींवर मिटला. घाई वाईट, पण रेंगाळलं असतं तर तडजोडीतले ९ कोटी गेले असते.

काठावर

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. धाग्याचा आखाडा झाला नाही, हेच नवल.)

ओसरी

सातबारांना एक शेवटचं विचारतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी एसबी ४०३, म्हणजे जातीचा स्पष्ट उल्लेख कायद्यात घालणारं विधेयक, परत पाठवलं. मग आता राज्याला जातीवर खटले चालवायचा अधिकार कुठून येतो?

कोरा सातबारा

व्हेटोचं पत्र पुन्हा वाचा, साहेब. 'गरज नाही' असं म्हणाले, कारण आधीच्या कायद्याने जातिभेदाला बंदी आहेच. वंश आणि पूर्वजपरंपरा हे शब्द कायद्यात आहेत, जात त्यात येते. विधेयक पडलं म्हणून ज्यांनी पेढे वाटले, त्यांनी पत्र वाचलं नव्हतं. आणि ते पडलं म्हणून आमच्यातले जे रडले, त्यांनीही नीट वाचलं नाही.

मोकळावारा

मग हे लोकांच्या मतावर का सोडू नये? प्रत्येक गोष्टीला खातं कशाला?

पश्चिमकिनारा

सोडून पाहिलेलं आहे. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात रमफर्ड कायद्याने घरं विकताना-भाड्याने देताना वर्णभेद बंद केला. पुढच्याच वर्षी प्रॉपोझिशन १४, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव, आलं, सुमारे ६५ टक्के मतदारांनी तो कायदा मोडीत काढला. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रॉपोझिशन रद्द केलं, १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. आज आपण फ्रिमाँटमध्ये, क्युपर्टिनोत घरं घेतो, ती त्या ६५ टक्क्यांच्या इच्छेविरुद्ध. बहुमताचं पुराण आपल्यापैकी कोणी इथे लावू नये.

मंदिरसेवक

हे मला माहीत नव्हतं. आमच्या मंडळाच्या माहितीपत्रकात घालायला हवं.

पहिल्यांदाच_लिहितोय

नमस्कार. वाचनमात्र होतो. मला एक विचारायचं आहे. ऑफिसातला एक प्रसंग आहे, जातीवरूनच. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यानंतर मला प्रोजेक्टवरून काढलं. त्याला आता दोन वर्षं आठ महिने झाले. उशीर झाला का? आणि फॉर्मवर 'जात' असा रकाना दिसत नाही.

फाइलवाली

नोकरीच्या तक्रारीला तीन वर्षं आहेत. चार महिने हातात आहेत, पण चार महिने थांबू नका. सीआरडीच्या साइटवर इनटेक फॉर्म आज रात्री भरा, तारखा जुन्या ईमेलवरून पडताळून घ्या. त्या ईमेल घरच्या खात्यावर पाठवू नका, कंपनीच्या नियमात अडकाल, तारखा कागदावर लिहून घ्या. कारणाच्या जागी अ‍ॅन्सेस्ट्री, म्हणजे पूर्वजपरंपरा, यावर खूण करा आणि खाली हकिगतीत 'जात' हा शब्द सरळ लिहा. खात्याकडून चौकशी नको असेल तर राइट-टू-सू नोटीस, म्हणजे स्वतः दावा लावायची परवानगी, मागता येते, पण ती मागण्याआधी वकिलाशी बोला, कारण मग एका वर्षात दावा लावावा लागतो.

कोरा सातबारा

पहिल्यांदाच, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. फॉर्म भरताना सोबत कोणी हवं असेल तर मी रात्री दहापर्यंत जागा आहे.

ओसरी

तारखांची जंत्री करायला मदत लागली तर मलाही सांगा. वाद आपण नंतर घालू.