ऊसवाहतुकीच्या बीएस-४ पिकअपचा ईजीआर पत्रा मारून बंद करावा का?

जालना_डिझेल :
गळीत हंगाम जवळ आला की पिकअपवाल्यांची एकच मागणी सुरू होते : ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) बंद करून द्या, म्हणजे त्याच्या जोडात पत्र्याची प्लेट घालून वाट बुजवा. कुणी काही म्हणो, जुन्या बीएस-३, बीएस-४ (प्रदूषणाचे जुने सरकारी निकष) गाडीत व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर मला यात गैर वाटत नाही. एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात घ्यायचा, त्यात ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी ऑइलची वाफ मिसळायची, आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसवून घ्यायचा. वजनकाट्याच्या रांगेत रखडणाऱ्या गाडीत तर हा थर झपाट्यानं वाढतो.

फक्त काम धड करा. डब्याचा पत्रा किंवा ॲल्युमिनियम चालत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि भरल्या गाडीत एक्झॉस्टचं तापमान तिथवर जाऊ शकतं. २ मिमी स्टेनलेस घ्या. जुन्या पॅकिंगचा छाप पुठ्ठ्यावर काढून लेथवाल्याकडून प्लेट कापून घ्या, कडा घासून सपाट करा, दोन्ही अंगांना नवं पॅकिंग टाका. साधं सिलिकॉन लावू नका, जळून जातं. नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, नाहीतर स्टड तुटतो आणि अख्खं मॅनिफोल्ड उतरवायची पाळी येते. ईजीआरचा धूर गार करणारा कूलर असेल तर प्लेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अंगाला बसवा. कूलरनंतर इनटेकच्या अंगाला मारली तर कूलरमध्ये धूर कोंडतो आणि काजळी साचतच राहते. दोन्ही बोल्ट आलटून-पालटून आवळा, इंजिन एकदा तापून गार झालं की परत बघा. जोडाभोवती काळी रेघ दिसली म्हणजे लीक आहे.

परभणीचा_फिटर :
पत्र्याचं झकास सांगितलंत, पण निदान कुठंय? गाडी काळा धूर मारायली म्हणजे हवा कमी पडायली किंवा डिझेल जास्त जायलंय. ईजीआर हे त्यातलं एक कारण. आपल्याकडची काळ्या रानाची धूळ खाऊन एअर फिल्टर गच्च होतो, इंटरकूलरचा होज क्लिपपाशी चिरतो, इंजेक्टर थेंब टाकायला लागतो. होजच्या जोडाखाली ऑइलचा ओला डाग आणि वर चिकटलेली धूळ दिसली तर आधी तो होज बदला.

मांजरसुंभ्याचा घाट चढताना ॲक्सिलरेटर तळाला असतो. तेव्हा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ईजीआर बंदच ठेवतो. बंद व्हॉल्व्हवर पत्रा मारून घाटात ताकद कुठून येणार? फरक पडतो तो व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तरच. ते तपासणं सोपं आहे : हातपंपानं व्हॅक्यूम द्या, दांडी हलली पाहिजे आणि टिकली पाहिजे, सोडल्यावर झटक्यात बसली पाहिजे. रेंगाळत बसली तर सीटवर कार्बन आहे. व्हॉल्व्ह उतरवा, कार्ब क्लीनर आणि पितळी ब्रशनं साफ करा. डायफ्राम (व्हॉल्व्हचा रबरी पडदा) किंवा सोलेनॉइडवर (व्हॅक्यूम सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हवर) स्प्रे जाऊ देऊ नका. कॉस्टिक सोड्यात तर बुडवूच नका, ॲल्युमिनियमची बॉडी खाऊन टाकतो.

बीडचा_पिकअप :
साफसफाईला गाडी दिवसभर उभी, आणि मॅनिफोल्ड उतरवलं तर त्याहून जास्त. हंगामात एवढी सवड कुणाला हाय? पत्र्याचं काम तासाभराचं. त्याहून सोपं म्हणजे व्हॉल्व्हची व्हॅक्यूमची नळी काढून सोडून द्यायची. स्प्रिंगनं व्हॉल्व्ह आपोआप बंद राहतो.

परभणीचा_फिटर :
भाऊ, नळी उघडी सोडू नका! बहुतेक गाड्यांत ब्रेक हलका करणाऱ्या ब्रेक बूस्टरलाही त्याच व्हॅक्यूम पंपाचं व्हॅक्यूम जातं. सोलेनॉइड उघडला की तिथून हवा ओढली जाते आणि ब्रेक दगडासारखा लागू शकतो. उसानं भरलेल्या गाडीत हा खेळ नको. चाचणीपुरती काढायची असेल तर नळीच्या तोंडात बोल्ट घालून क्लिप मारा.

लातूरचा_स्कॅनरवाला :
दोघंही सेन्सरवर बोलत नाही आहात. ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर आहे, तिथं ईसीयू मोजलेल्या हवेवरून ईजीआर किती चालला हे ओळखतो. पत्रा मारला की हवा अपेक्षेपेक्षा जास्त दिसते, ईसीयू व्हॉल्व्ह आणखी उघडायचा हुकूम देत राहतो, आणि शेवटी पी-०४०१ (ईजीआरचा प्रवाह कमी) कोड येऊन चेक लाइट लागते. काही गाड्या लिंप मोडमध्ये जातात, म्हणजे ईसीयू ताकद कमी करून ठेवतो. मग लोक प्लेटला ८-१० मिमीचं भोक पाडतात. काही गाड्यांत लाइट थांबते, पण ते भोकही पुढं कार्बननं बुजतं. थेट प्लग काढला तर सर्किटचा कोड येतो.

आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला तर हात लावू नका. एनओएक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) मोजणारा सेन्सर आणि ते कमी करायला एक्झॉस्टमध्ये युरिया फवारणारी व्यवस्था असलेल्या गाडीत ईजीआर गेला की एनओएक्स वाढतो, आणि पकडला गेला की ईसीयू टॉर्क कापतो. ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरलाही १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ (ट्रॅक्टरचे प्रदूषण निकष) लागू आहे. ईजीआर असलेल्या ट्रॅक्टरलाही हेच लागू.

जालना_डिझेल :
बीएस-६ चं मान्य, मी बीएस-४ पर्यंतच म्हणालो होतो. पत्र्यानं इंजिन जळतं असं जे पसरवलंय ते मात्र सोडा. फुल लोडला ईजीआर बंदच असतो हे फिटरनंच वर लिहिलंय, मग त्या वेळी पत्र्यानं नवीन उष्णता कुठून येणार? अर्ध्या ॲक्सिलरेटरला आवाज थोडा कडक होतो, एवढंच. पीयूसीलाही अडत नाही, उलट धूर कमी होतो.

नांदेड_आरटीओपुढे :
पीयूसीला अडत नाही, कारण डिझेलची ती चाचणी फक्त धुराचा काळेपणा मोजते. एनओएक्स त्यात येतच नाही, आणि पत्र्यानं वाढतो तोच. कायद्याचं विचाराल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. कलम १८२-अ (४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय एनओएक्सपासून उन्हात ओझोन तयार होतो, आणि सोयाबीन ओझोनला नाजूक पीक. लातूरकरांना वेगळं सांगायला नको.

परभणीचा_फिटर :
पत्रा मारायचाच असं ठरवलं असेल त्यांनी निदान एवढं बघा : कूलंट सारखं कमी होतंय का, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर येतो का. येत असेल तर ईजीआर कूलर आतून फुटलेला असू शकतो. मॅनिफोल्डकडच्या पत्र्यानं ते पाणी थांबत नाही, ते व्हॉल्व्हमधून इनटेकमध्ये उतरू शकतं. रात्रभर सिलिंडरमध्ये साचलं आणि सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावून ठेवा; बाहेर कुठं गळती नसताना काटा खाली आला तर आधी कूलर उतरवून तपासा.