आईचे २३ चे २६ झाले. श्रेय कोणाचं?

सांजवात:
घराजवळ ज्येष्ठांसाठी सहा महिन्यांचा ‘स्मृती जपा’ वर्ग होता. आधी आणि नंतर आईची ‘मोका’ ही स्मरण-आकलन तपासणारी ३० गुणांची चाचणी झाली. आधी २३, नंतर २६. आयोजक म्हणतात, वर्गाचा गुण आला. पण पहिल्या खेपेचे लक्षात ठेवायचे पाच शब्द आई रिक्षात घरी येईस्तोवर घोकत होती. चाचणीत काढायला लावलेलं ‘अकरा वाजून दहा’चं घड्याळ तर तिने दिनदर्शिकेच्या पाठीवर कितीदा गिरवलं! दुसऱ्या वेळी तेच शब्द, तेच घड्याळ.

आई चौथी शिकलेली, पण जन्म किराणा दुकानाच्या गल्ल्यावर गेला. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितल्यावर ९३, ८६, ७९ फटाफट. कागदावर घनाकृती ठोकळ्याचं चित्र काढायची वेळ आली तर म्हणाली, “असलं कधी काढलंय का मी?” हिच्यातून मेंदू मोजला की शाळा? डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टाळायचे प्रयत्न अशा गुणांवर जोखूच नयेत.

पारावरचा:
साफ असहमत. मग जोखायचं कशावर? डिमेन्शिया व्हायची वाट बघत पंधरा-वीस वर्षं बसायचं? फिनलंडच्या ‘फिंगर’ अभ्यासात ६० ते ७७ वयाचे १,२६० जण होते. निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचे खेळ, रक्तदाबावर लक्ष. बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. गुण दोन्हीकडे वाढले, पण पहिल्या गटाचे २५ टक्के जास्त. घोकंपट्टी दोन्हीकडे सारखीच, ती वजाबाकीत जाते. तुमच्याकडे दुसरा गटच नव्हता. खापर चाचणीवर कशाला?

सांजवात:
२५ टक्के ऐकायला भारी. पण ती दोन वाढींची तुलना. डिमेन्शिया तेवढा कमी झाला असं नव्हे. अमेरिकेतल्या ‘पॉइंटर’ या तशाच अभ्यासाचे निकाल २०२५ मध्ये आले: २,१११ माणसं, दोन्ही गटांना काही ना काही कार्यक्रम, दोन्हींचे गुण वाढले. कडक कार्यक्रमवाल्यांची आघाडी वर्षाला ०.०२९ प्रमाण विचलन (माणसामाणसांच्या गुणांत जो फरक असतो, त्याचं माप). एवढ्याने आईला भाजीवाल्याचा हिशेब नीट करता येईल का, ते सांगा. शिवाय काहीच न केलेला गट नव्हता, मग त्यातली घोकंपट्टी किती?

शंभरवजासात:
मी या चाचण्या घेते, रोज. मोका ही चाळणी आहे, मोजपट्टी नाही. ‘फिंगर’वाल्यांनी एका मोकावर भागवलं नव्हतं; स्मरण, वेग, नियोजन यांच्या वेगवेगळ्या चाचण्यांचा संच होता. मोकाचे वेगळ्या शब्दांचे पर्यायी कागद मिळतात, तोच कागद पुन्हा देणं हा निव्वळ आळस. निरक्षरांसाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात मुद्दाम वेगळी हिंदी चाचणी बनवली, ती उगाच नाही. एका आजोबांना तर मी जवळजवळ ‘पुढच्या तपासणीला पाठवा’ लिहिलं होतं. श्रवणयंत्राचा सेल संपला होता!

सांजवातताई, बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिकलेल्यांना मोकात एक गुण वाढवून देतात. आईंना दिलाय का बघा.

सांजवात:
कागद काढले. पहिल्यावर तो गुण नाही. दुसऱ्यावर आहे.

पारावरचा:
म्हणजे तीनातला एक चौथीच्या शाळेचा. उरलेल्या दोनांचं बोला.

सांजवात:
ते रिक्षातले.