मदत हवी आहे: टॉवरवरच्या कोॲक्समध्ये (अँटेना ते रेडिओ जाणाऱ्या केबलमध्ये) पाणी शिरलंय, जोड द्यावा की केबल बदलावी?

नमस्कार मंडळी. चिपळूणला माझा १८ मीटरचा टॉवर आहे, त्यावर हॅम (हौशी) रेडिओच्या दोन मीटर बँडचा, म्हणजे साधारण १४५ मेगाहर्ट्झचा, उभा अँटेना. खाली रेडिओपर्यंत आरजी-२१३ जातीची कोॲक्स केबल, साधारण ३० मीटर. यंदाच्या पावसात सिग्नल पडला, पण एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप, जितकं १ च्या जवळ तितकं चांगलं) उलट १.५ वरून १.२ वर आला! माझा अंदाज असा, की ओली केबलच पॉवर खातेय आणि परतणारी लाट मीटरपर्यंत पोचत नाही.

रविवारी वर चढलो. केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ कनेक्टरवरची टेप सुटलेली, आतली तांब्याची जाळी काळी पडलेली. दीड मीटर कापलं, तरी काळीच.

स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापून एन कनेक्टर (दुसऱ्या जातीचा कोॲक्स कनेक्टर) आणि बॅरलने (दोन कनेक्टर जोडणाऱ्या नळीने) नवा तुकडा जोडू का? की जाळीतून पाणी आणखी खाली उतरलं असेल? जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) आणि वर पीव्हीसी टेप, खालून वर गुंडाळत, एवढं ठरवलंय. आंबट वासाचं सिलिकॉन तांबं खातं, म्हणून ते टाळतोय. कोकणच्या पावसात असा जोड कुणाचा किती वर्षं टिकलाय?

२०२१ च्या पुरात इथे मोबाइल बंद पडले होते. पुढच्या पावसाआधी हा सेट धड हवा आहे.