शब्दचर्चा: ‘टच ग्रास’ला मराठीत काय म्हणाल?

परवा माझा भाचा क्रिकेटवरून कुणा अनोळखी माणसाशी मोबाइलवर तासभर वाद घालत होता. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, बास झालं. टच ग्रास!" तो चिडलाच. शब्दशः अर्थ ‘गवताला हात लाव’. म्हणायचं असतं की तू त्या पडद्यात इतका बुडालायस की जगाचं भान सुटलंय, ऊठ, बाहेर जा. सल्ला आहे, पण टोमण्यात बुडवलेला. ही पूर्ण चव असलेला मराठी शब्द आहे का? ‘गवताला हात लाव’ मला अगदीच पोकळ वाटतं.

---

पोकळ वाटतं कारण मराठीत गवताचं वजनच वेगळं. ‘तृणवत् मानणे’ म्हणजे कस्पटासमान लेखणे, ‘दाती तृण धरणे’ म्हणजे शरण जाणे. त्यात मन ताळ्यावर येण्याचा अर्थ कुठेच नाही. शिवाय आपल्या बागांत हिरवळीवर जाऊ नका अशा पाट्या.

‘जमिनीवर ये’ जवळचं वाटतं, पण ते हवेत गेलेल्याला, गर्व झालेल्याला सांगतात. ‘भानावर ये’ अर्थाने नेमकं, पण त्यात घराबाहेर पडणं नाही. ‘पाय मोकळे करून ये’ यात बाहेर पडणं आहे, मायाही आहे, फक्त बोचत नाही. माझं मत विचाराल तर घरातल्या माणसासाठी हाच घ्यावा. बोचलंच पाहिजे असा हट्ट कशाला?

---

पुण्यात याला तयार शब्द आहे: ‘टेकडीवर जाऊन ये.’ हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई, जी जवळ असेल ती. आमच्याकडे कुणी फार वेळ कुरकुर करत बसलं की वडील एवढंच म्हणायचे.

आणि गवतच हवं असेल तर दिवाळीनंतर वेताळ टेकडीवर जा. तिथे गवताला हात लावावा लागत नाही, तेच तुम्हाला धरतं. कुसळं मोज्यांत अशी शिरतात की घरी येऊन अर्धा तास एकेक उपटत बसावं लागतं. कुसळाची शेपटी दमट हवेत पीळ सोडते, कोरड्यात पुन्हा पिळते आणि बी जमिनीत घुसत जातं. मोज्यातही तेच करते. तेवढा अर्धा तास मोबाइल आठवत नाही, हे अनुभवाने सांगते.

---

माझी सूचना: ‘जरा ऊन दाखव स्वतःला.’ गाद्यांना, डाळींना, लोणच्याच्या बरणीला आपण ऊन दाखवतो, कारण बंद जागेत राहून वास धरतो, बुरशी येते. दिवसरात्र खोलीत मोबाइल घेऊन पडलेल्या माणसाला हे चपखल बसतं. टोमणा आहे, पण घरचा.

जुना वाक्प्रचार नव्या दुखण्याला चालेल का, असं वाटत असेल तर याच घराण्यातला ‘ब्रेन रॉट’ बघा, म्हणजे फालतू गोष्टी बघत राहून मेंदू सडणं. ऑक्सफर्डने २०२४चा शब्द म्हणून तो निवडला, आणि अमेरिकी लेखक थोरोने तो १८५४ सालीच वापरला होता. तेव्हा मोबाइल कुठे होता?

---

मूळ प्रश्न माझा होता. सगळ्यांचे मनापासून आभार.

‘ऊन दाखव’ वाचलं आणि हाच तो शब्द असं वाटलं. रात्री दोघांना म्हणून पाहिलं. भाची म्हणाली, "मामा, म्हणजे काय?" तेव्हा लक्षात आलं, तिने गादीला ऊन दाखवताना कुणाला पाहिलेलंच नाही. त्यांच्या इमारतीची गच्ची कुलपात असते आणि डाळ पाकिटातून थेट डब्यात जाते. ‘टेकडीवर जा’ मात्र विचारावं लागलं नाही, भाचा शनिवारी सकाळी गेलासुद्धा.

म्हणून सध्या त्यांच्या घरात टेकडी चालू आहे. पण ऊन मी सोडणार नाही. मे महिन्यात दोघांनाही आमच्याकडे बोलावतोय. आमची गच्ची उघडी असते आणि गाद्या सहा आहेत.