‘प्रगत’ कर्करोग आणि ‘प्रगती-मुक्त’ काळ : मराठीत काय म्हणावं?

विचारणा
मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगावरच्या ‘सनलाइट’ औषधचाचणीचा सारांश रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी मराठीत करायचा आहे. मसुद्यात ‘प्रगत कोलोरेक्टल कर्करोग’, ‘प्रगती-मुक्त उत्तरजीविता’ आणि ‘सरासरी 10.8 महिने’ असं आहे. कितपत बरोबर?

प्रतिसाद १
‘प्रगत’ आधी काढा. प्रगत देश, प्रगत शेतकरी, प्रगतिपुस्तक : मराठी कानाला हा शब्द चांगल्या अर्थाचा वाटतो. ‘आजाराची प्रगती झाली’ हे घरचे लोक ‘उतार पडला’ असं ऐकतील, म्हणजे नेमकं उलटं. मात्र सरसकट ‘पसरलेला’ही लिहू नका. मूळ गाठ शेजारच्या अवयवांत घुसल्यामुळे काढता येत नसेल तर तो कर्करोगही इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणजे ‘प्रगत’मध्येच येतो, पण दूर पसरलेला नसतो. सनलाइटमधल्या रुग्णांचा आजार पसरलेला होता, तिथे ‘पसरलेला’ योग्य.

आणि ‘मोठं आतडं व गुदाशय’ असं उलगडून लिहा. ‘गुदद्वार’ नको, त्याचा कर्करोग वेगळा, उपचारही वेगळे.

प्रतिसाद २
‘प्रगती-मुक्त’ला ‘आजार न वाढता गेलेला काळ’ म्हणावं. इथे ‘वाढणं’ मोजून ठरतं. स्कॅनवरून गाठी मोजण्याच्या ‘रेसिस्ट 1.1’ नियमांनुसार जास्तीत जास्त 5 गाठी, एका अवयवातल्या फार तर 2, निवडून त्यांच्या व्यासांची बेरीज करतात. आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा 20 टक्के आणि किमान 5 मिमी वाढ झाली, किंवा नवी गाठ दिसली, की आजार वाढला.

बेरीज 100 मिमीवरून 60 वर आली आणि पुढच्या स्कॅनमध्ये 72 झाली, तर ती वाढच. ‘पहिल्यापेक्षा कमीच आहे ना, मग औषध का बंद?’ हा प्रश्न इथूनच येतो, म्हणून तुलना कशाशी होते हे सारांशात लिहाच.

प्रतिसाद ३
भर घालतो : आजार वाढण्याआधी कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी ‘आजार न वाढता गेलेला काळ’ तिथेच संपला असं धरतात. ‘आजार वाढेपर्यंतचा काळ’ हे वेगळं मोजमाप आहे, त्यात असे मृत्यू धरत नाहीत. दोन्हींना एकच नाव देऊ नका.

प्रतिसाद ४
‘सरासरी’ चूक आहे. शाळेतला ‘मध्यक’ हाच शब्द, पण शेजारी अर्थ हवा : ‘निम्मे रुग्ण यापेक्षा जास्त काळ जगले’. हिशेब करताना बरेच रुग्ण हयात असतात, त्यांचा पूर्ण काळ माहीतच नसतो. सरासरी काढणार कशी? शिवाय हा काळ रुग्ण चाचणीतल्या कोणत्या गटात हे ठरलं त्या दिवसापासून मोजतात, निदानापासून नव्हे. ते न लिहिल्यास वाचणारा 10.8 महिने हे एकूण आयुष्य समजतो.

सनलाइटमध्ये 492 जण होते. ट्रायफ्लुरिडीन-टिपिरासिलच्या गोळ्यांसोबत बेव्हॅसिझुमॅब हे दुसरं औषध घेणाऱ्यांच्या जगण्याच्या काळाचा मध्यक 10.8 महिने, नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांचा 7.5. आजार न वाढता गेलेला काळ 5.6 आणि 2.4 महिने.

विचारणा करणाऱ्याकडून
दुसऱ्या गटाला मसुद्यात ‘खोट्या औषधाचा गट’ म्हटलंय.

प्रतिसाद ४
तेही बदला, दोन्ही गटांना खरंच औषध होतं. ‘तुलनेचा गट’ म्हणा. याच कर्करोगावरच्या फ्रुक्विंटिनिब या औषधाच्या ‘फ्रेस्को-2’ चाचणीमध्ये प्लासिबो होता, तिथेही ‘खोटं औषध’पेक्षा ‘औषध नसलेली गोळी’ बरं, आणि त्या गटालाही त्रास कमी करणारे उपचार चालू होते हे त्याच वाक्यात यावं.