अमेरिकेहून आणलेला आयबीएम ३४२० टेप ड्राइव्ह पुण्यातील कार्यालयात बसवण्याविषयी

प्रश्न: आमच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, अमेरिकेहून आणलेला आयबीएम ३४२० टेप ड्राइव्ह (चुंबकीय टेपवर संगणकाची माहिती लिहिणारे व वाचणारे यंत्र) आणि त्याचे ३८०३ हे नियंत्रक कपाट बसवायचे आहे. १९७० च्या दशकातील हे यंत्र लोकांना चालू स्थितीत पाहता यावे आणि जुन्या ९ ट्रॅकच्या (शेजारी-शेजारी नऊ पट्ट्यांत माहिती असलेल्या) टेपही वाचता याव्यात, अशी मनापासून इच्छा आहे. आपल्याकडील ४१५ व्होल्टचे २०८ व्होल्ट करणारा तीन फेजचा ट्रान्सफॉर्मर पुरेल का?

उत्तर १: पुरणार नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची. या ड्राइव्हमध्ये टेपचा वेढा निर्वात स्तंभांत, म्हणजे पंख्याने हवा ओढून घेतलेल्या उभ्या कप्प्यांत, खेचून धरलेला असतो, म्हणूनच जड रिळांनी वेग घेण्याआधीच कॅप्स्टन (टेप सरकवणारे चाक) टेपला क्षणार्धात पळवू किंवा थांबवू शकतो. ५० हर्ट्झवर साध्या एसी मोटरचा वेग सुमारे एक-षष्ठांशाने घटतो आणि तिच्यावर फिरणाऱ्या पंख्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे मूळच्या ७० टक्क्यांच्या आसपास येतो. मग वेढा जागेवर राहील याची खात्री उरत नाही. कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमला जर्मनीहून आलेल्या आयबीएम १४०१ या जुन्या संगणकासाठी हीच अडचण उलट्या दिशेने आली, आणि तेथे वारंवारता-परिवर्तक वापरावा लागला. तुम्हीही तोच घ्यावा. मात्र त्याआधी दोन्ही कपाटांवरील पाटीवरचे व्होल्ट, फेज आणि हर्ट्झ स्वतः वाचून घ्यावेत.

उत्तर २: मजल्याकडे दुर्लक्ष करू नये. आपल्याकडे कार्यालयाची जमीन साधारणतः दर चौरस मीटरला २५० ते ४०० किलो भार गृहीत धरून बांधलेली असते, आणि अशा कपाटाचे सारे वजन चार लहान चाकांवर एकवटते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून कपाट तुळईजवळ ठेवावे व खाली पोलादी पत्रा घालावा. ही यंत्रे संगणकाला जोडणाऱ्या जाड चॅनल केबल उचललेल्या जमिनीखालून (खऱ्या जमिनीवर आधार देऊन बसवलेल्या दुसऱ्या जमिनीखालून) नेण्यासाठी बनवलेल्या असतात; तुमच्याकडे तशी जमीन नसल्यास भिंतीलगत झाकलेला मार्ग करावा.

उत्तर ३: टेप वाचण्याचे काम मी या यंत्राला देणार नाही. ३८०३ ला पलीकडे मेनफ्रेमचा (मोठ्या संगणकाचा) चॅनल, म्हणजे जोडणीचा खास मार्ग, लागतो, जो साध्या संगणकात नसतो. एचपी ८८७८० हा स्कझी (साध्या संगणकाला उपकरणे जोडण्याची एक पद्धत) जोडणीचा, साध्या सॉकेटवर चालणारा ड्राइव्ह दर इंचाला १६०० आणि ६२५० बिट या घनतांच्या टेप वाचतो. पावसाळ्यात दमट झालेली टेप चिकट होऊन तिचा थर हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) उतरू शकतो, म्हणून ३४२० च्या प्रात्यक्षिकासाठी कोरी टेप वापरावी आणि मौल्यवान रिळे त्यावर मुळीच चढवू नयेत.