ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल, तरी अटॅक कसा?

काका: सर्वांनी वाचा. हा काढा रोज अनशापोटी घ्या, धमन्यांतले ब्लॉकेज महिन्याभरात साफ! अँजिओग्राफीची गरज नाही 🙏

दादा: काका, ती काय नळाची पाइप आहे, आतून घासून काढायला?

वहिनी: रागावू नका काका, पण हा थर वरवर चिकटलेला नसतो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, धमनीच्या अस्तराखाली शिरून भिंतीतच अडकतं. पांढऱ्या पेशी ते गिळायला जातात आणि तिथेच फुगून मरतात. वर आवरण धरतं. काढा धुणार काय?

काका: बरं. पण माझ्या मित्राची ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आली आणि थोड्याच दिवसांत अटॅक. मग टेस्ट कशाला करायच्या?

वहिनी: श्रम केल्यावर हृदयाला रक्त कमी पडतं का, एवढंच ती टेस्ट बघते. नळी बरीच अरुंद झाली, साधारण ७० टक्के वगैरे, की ते कळतं. पण कितीतरी अटॅक ५० टक्क्यांहून कमी अडथळ्याच्या जागी येतात. आवरण पातळ असलं की फाटतं, तिथे गुठळी धरते आणि काही मिनिटांत रक्त बंद. टक्का कमी म्हणून निर्धास्त राहू नका.

काकू: अगं बाई, माझा ४० होता. मी खूश होते!

वहिनी: घाबरू नका काकू. गोळी मात्र चालू ठेवा. स्टॅटिनने कोलेस्टेरॉल तर उतरतंच, आवरणही मजबूत होतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून मध्ये बंद केली होतीत ना?

काकू: ही चहाडी काकांचीच 😡

चिंटू: आम्ही तरणे सेफ 😎

वहिनी: कोरियन युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं झाली, अहवाल १९५३ चा. सरासरी वय २२. ७७ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत हे थर धरणं सुरू झालेलं होतं. तुझी सिगारेट सुटली का?

चिंटू: 🙈

आत्या: मला चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. वयच झालं आता.

वहिनी: आत्या, वयावर ढकलू नका. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की असंच होतं, त्यात तुम्हाला शुगर. घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून ताडून बघतात, सुई नाही की काही नाही. पायात निघालं तर हृदय आणि मानेच्या धमन्यांचीही काळजी घ्यावी लागते. आणि मेंदूचं रक्त अडल्याची लक्षणं दिसली, म्हणजे तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर पाच मिनिटांत ठीक वाटलं तरी लगेच हॉस्पिटल.

दादा: आत्या, उद्या सकाळी मी येतो न्यायला.

आत्या: ये. पण डॉक्टर वरच्या मजल्यावर बसत असतील तर आधी लिफ्ट चालू आहे का विचार.